मागच्या सीटवरचा क्लच

मधुकर भाऊजी गेल्याची बातमी न्हाव्यानं आणली. रविवारची सकाळ होती, मी मागच्या अंगणात गहू पाखडत होते. गल्लीच्या तोंडाशी ज्याचं दुकान आहे तो रमेश मागच्या दारानं आत आला, खांद्यावर टॉवेल तसाच, आणि म्हणाला, "माताजी, दादा को कुछ हो गया. कुर्सी पे बैठे-बैठे..."  मी विचारलं, "गाड़ी कहाँ है?" तो माझ्याकडे बघत राहिला. मी पुन्हा विचारलं. "गाड़ी? दादा तो पैदल आए थे, माताजी." तेव्हा मी हातातलं सूप खाली ठेवलं. ही गोष्ट गल्लीभर झाली. दीर गेला आणि ही बाई गाडीची चौकशी करते. तेरावीला आलेल्या एकीनं तर तोंडावर विचारलं. पंगत बसली होती, म्हणून मी उत्तर दिलं नाही. आता देते. त्या मोटरसायकलची किल्ली मी दिली होती. त्यांची मुलगी नको म्हणत असताना, माझ्या हातानं दिली होती. भाऊजी रस्त्यावर गेले असते तर ते माझ्यामुळे गेले असते. ते खुर्चीत गेले, अर्धी दाढी झाली होती, उरलेली रमेशनं नंतर घरी येऊन पुरी केली. गाडीचा काही संबंध नव्हता, एवढं कळल्याशिवाय मला दुसरं काही सुचणार नव्हतं.

मी मझौली गावची. लग्न होऊन जबलपूरला आले तेव्हा भाऊजी शाळेत होते आणि मदनमहालच्या उतारावरून हात सोडून सायकल चालवल्याबद्दल सासऱ्यांचा मार खात. पुढे ते लष्कराचे ट्रक बनवणाऱ्या कारखान्यात लागले. नवा ट्रक बाहेर पडला की तो चाचणीच्या रस्त्यावर फिरवून आणायचा, चढावर थांबवायचा, चिखलात घालायचा, हे त्यांचं काम. रिटायर होईपर्यंत तेच केलं. घरी मोटरसायकल होती. तिच्यावर कोणी बसला की ते आधी त्याचा डावा हात बघत. "गिअर पायानं पडतो, पण गाडी डाव्या हातानं चालते," असं म्हणत. गल्लीतल्या निम्म्या पोरापोरींना त्यांनीच गाडी शिकवली. तऱ्हा एकच. ॲक्सिलरेटरला हात लावायचा नाही, नुसता क्लच सोडायचा, इतका हळू की गाडी मुंगीसारखी सरकली पाहिजे. ज्याची गाडी गचका खाऊन बंद पडे त्याला उतरवून घरी पाठवत. बिनगिअरच्या स्कूटरला ते शिवणयंत्र म्हणत. त्यांच्या मुलीनं, वर्षानं, कॉलेजात असताना तसली स्कूटर मागितली तर म्हणाले, "त्यापेक्षा मशीनच घेऊन देतो, निदान ब्लाउज तरी शिवशील." ती जेवली नाही. स्कूटर शेवटी आलीच. पुढे माझे मालक गेले, वर्षाची आई गेली, वर्षा बँकेच्या नोकरीसाठी इंदूरला गेली, आणि राइट टाउनच्या घरात आम्ही दोघं उरलो. मला मूलबाळ नाही. वर्षा मला काकू म्हणते, पण आईसारखी भांडते.

काही वर्षांपूर्वी भाऊजी पाण्याच्या टाकीचं झाकण बघायला स्टुलावर चढले आणि पडले. डावं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण मूठ वळेना. बोटं अर्ध्यात येऊन थांबत. पेला धरता येई, टॉवेल पिळता येत नसे. डॉक्टर म्हणाले, नस दबली आहे, या वयात यापेक्षा जास्त होणार नाही. भाऊजी रोज सकाळी अंगणात जाऊन बंद गाडीवर बसायचे आणि क्लच दाबून बघायचे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. मग आत येऊन दूध उतू गेलं तरी माझ्यावर, वीज गेली तरी माझ्यावर. घरात ताटं वाजली तरी भांडण होईल अशी हवा. कित्येक दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. मग एकदा जेवता जेवता त्यांनी विचारलं, "वहिनी, तुमचा डावा हात कसा आहे?"

"चांगला आहे. काहून?"

"माझं बोट दाबा बरं."

दाबलं. ते कळवळले. "माहेरी गाई दुहायच्या ना तुम्ही," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी गाडी सदर बाजारातल्या मेकॅनिककडे ढकलत घेऊन गेले. त्यानं पुढची क्लचची दांडी काढली, लांब वायर टाकली, आणि दांडी मागच्या सीटला धरायची कडी असते तिथे डावीकडे बसवून दिली. म्हणजे गाडी भाऊजी चालवणार आणि क्लच मागे बसून मी दाबणार. मेकॅनिकनं विचारलं, "दादा, चालान किसके नाम का कटेगा, आपके कि माताजी के?"

हा मूर्खपणा होता. मला तेव्हाही कळत होतं. तरी मी हो म्हटलं, कारण अंगणात बंद गाडीवर बसलेला माणूस मला रोज बघवत नव्हता. साडीवर एका बाजूनं बसून हे जमण्यासारखं नव्हतं, म्हणून या वयात वर्षाचे जुने सलवार-कुर्ते काढले. शब्द तीन ठरले. "हं" म्हणजे दाबा. "सोडा" म्हणजे हळू सोडा. आणि "ठेवा" म्हणजे गाडी थांबली आहे, पण गिअरमध्ये आहे, मी सांगेपर्यंत दाबून ठेवा. सुरुवातीला मी झटक्यात सोडत असे आणि गाडी घोड्यासारखी उडे. "वहिनी, आचळ सोडता तसा सोडा ना!" "गाय अशी ओरडत नाही, भाऊजी." हळूहळू जमलं. पण चौकाची भीती कधी गेली नाही. समोरून ट्रक येत असताना त्यांचा पाय, माझा हात आणि मध्ये तो एक शब्द... तो ऐकू आला नाही तर? हॉर्नमध्ये बुडाला तर? मी त्यांच्या पाठीला जवळजवळ कान लावून बसत असे. दर रविवारी आम्ही बरगीला जायचो. काम काही नसे. धरणाचं पाणी बघायचं, चहा प्यायचा, मासळी मिळाली तर घ्यायची, परत यायचं. परत आल्यावर भाऊजी दोन पोळ्या जास्त खात. माझ्या डाव्या हाताची बोटं संध्याकाळपर्यंत आखडलेली राहत. मी तो हात ओढणीखाली ठेवत असे.

दिवाळीला वर्षा आली आणि तिला ती दांडी दिसली. आधी तिला कळेचना. कळलं तेव्हा ती अंगणातच खाली बसली. "बाबा, तुम्ही पागल आहात, ठीक आहे. पण काकू, तू पण?" भाऊजी म्हणाले, "अपघात झाला का एक तरी?" ती म्हणाली, "व्हायची वाट बघून राहिले का?"  ती रागातच इंदूरला गेली, आणि काही महिन्यांनी नवी मोटरसायकल घेऊन आली. इलेक्ट्रॉनिक क्लचची. बरोबरचं पुस्तक इंग्रजीत होतं, तिनंच वाचून सांगितलं. पायानं गिअर टाकायचा, बस. क्लच गाडीच दाबते, गाडीच सोडते. थांबलात तरी इंजिन बंद पडत नाही, पुन्हा ॲक्सिलरेटर दिला की आपण होऊन निघते. डाव्या हाताची दांडी होती, पण तिला हात लावायची गरज नव्हती. भाऊजींनी गाडीभोवती चक्कर मारली. "आणि डावा हात काय करेल?" "आराम," वर्षा म्हणाली. ते जवळच्या मैदानाला एक फेरी मारून आले. मला वाटलं होतं, शिवणयंत्र म्हणतील. पण उतरले आणि म्हणाले, "गचका नाही. मी सोडला असता तसाच सोडते." जन्मभर डाव्या हाताबद्दल बोललेल्या माणसाला हे बोलायला काय पडलं असेल, ते मला कळलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बसा, वहिनी." आणि मी बसले. काहून बसले, माहीत नाही. माझं तर काही काम उरलं नव्हतं.

वर्षा परत गेल्यावर एका रविवारी आम्ही नव्या गाडीनं बरगीकडच्या आतल्या रस्त्यानं चाललो होतो. वाटेत रेल्वेचं फाटक लागतं. ते पडलेलं होतं, आणि आम्ही सगळ्यांत पुढे, फाटकाच्या दांडीला जवळजवळ टेकून थांबलो. भाऊजी खूश होते. "बघा, पहिल्या गिअरमध्ये आहे, तरी बंद नाही पडली." दुरून मालगाडीची शिट्टी आली. मग ते सवयीनं म्हणाले, "ठेवा." आणि मी सवयीनं मूठ आवळली. मुठीत सीटची नुसती कडी होती. जुन्या गाडीवर थांबले की इंजिन मरू नये म्हणून ते अधूनमधून ॲक्सिलरेटर पिळत. क्लच दाबलेला असे, गाडी नुसती गुरगुरे. चाळीस-पन्नास वर्षांची सवय. तसंच त्यांनी पिळलं. या गाडीला तो हुकूम होता. तिनं उडी घेतली. पुढचं चाक दांडीखालून आत गेलं, दांडी भाऊजींच्या छातीवर बसली, आणि त्यांनी उजव्या हातानं ब्रेक आवळला म्हणून तेवढ्यावर थांबलो. तोवर मालगाडी आलीच. डबे संपता संपेनात. धुळीचा वारा तोंडावर, जमीन हादरते आहे, आणि आमची गाडी अजून सुरू, अजून गिअरमध्ये. ते आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. ज्या उजव्या हातात ब्रेक होता त्याच हाताखाली ॲक्सिलरेटर होता, म्हणून तो हात हलवता येत नव्हता. मी ओरडले, "किल्ली फिरवा." त्यांचा डावा हात किल्लीपर्यंत गेला. बोटं वळेनात. पायाचं, गिअरचं भान त्यांना उरलं नव्हतं. मी मागून हात लांबवला, पोचला नाही. मग मी उतरले, हळू, गाडी हलू नये म्हणून, पुढे गेले आणि किल्ली फिरवून काढून घेतली. डबे अजून चाललेच होते. फाटकवाला नंतर येऊन म्हणाला, "मरना है तो अकेले मरो दादा, माताजी को काहे ले जा रहे हो?" भाऊजींनी मान खाली घातली. त्यांना असं बघायची मला सवय नव्हती.

गाडी तिथल्या चहाच्या टपरीवर ठेवली आणि आम्ही ऑटोनं परतलो. वाटेत मी म्हटलं, "तुम्ही 'ठेवा' म्हणाले. मी ठेवलं. काय ठेवलं ते विचारू नका." ते हसले नाहीत. म्हणाले, "गाडीचा दोष नाही, वहिनी." ते मलाही माहीत होतं. गाडीला सांगितलं ते तिनं केलं. वर्षाला फोनवर सगळं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. ती म्हणाली, "काकू, किल्ली देऊ नको. काही झालं तरी नाही. मी येते आणि गाडी विकून टाकते." भाऊजी ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "किल्ली तुमच्याजवळच राहू द्या. तुम्ही म्हणाल तसं." शेजाऱ्यानं गाडी आणून अंगणात उभी केली, आणि दुसऱ्या सकाळपासून ते पुन्हा बंद गाडीवर जाऊन बसू लागले. या वेळी भांडलेही नाहीत. दूध उतू गेलं तर स्वतः पुसून टाकलं. ते मला जास्त जड गेलं.

मी पुष्कळ विचार केला. जुन्या गाडीवर आम्ही दोघं कधीतरी मेलो असतो, त्यात शंका नाही. नवी गाडी त्यांना एकट्याला चालवता येत होती, अडचण हाताची नव्हतीच. अडचण मी होते. मी मागे आहे तोवर ते "ठेवा" म्हणणार, आणि म्हटलं की त्यांना वाटणार, कोणीतरी धरून ठेवलं आहे. म्हणून मी त्यांना म्हटलं, "यापुढे मी बसणार नाही. तुम्ही एकटे जायचं. पण आधी मला दाखवायचं." थांबलं की न्यूट्रल करायचं, हिरवा दिवा बघायचा, आणि उजवा हात काढून मांडीवर ठेवायचा. मांडीवर हात दिसला नाही तर नापास. ते म्हणाले, "वहिनी, मी लष्कराच्या गाड्या पास-नापास केल्या." मी म्हटलं, "गाड्या केल्या. आता तुम्हाला मी करते."

पहाटे फिरायला येणारे घरी गेले की आम्ही मैदानात जायचो. मी हात दाखवला की थांबायचं. पहिल्या दिवशी नीट झालं, कारण लक्ष होतं. लक्ष असताना काय, कोणीही करेल. म्हणून दुसऱ्या दिवशी मी गप्पा काढल्या, कारखान्यातल्या, सासऱ्यांच्या, आणि ते थांबले की पुढच्या चाकासमोर जाऊन उभी राहायचे. "बाजूला व्हा, वहिनी." "काहून? भरवसा नाही का?" बोलता बोलता एकदा त्यांचं मनगट वळलंच. चाक येऊन माझ्या नडगीला लागलं. मी पडले नाही. पण भाऊजी गाडी उभी करून मातीत बसले आणि म्हणाले, "विकून टाकू द्या वर्षाला." मी पाय चोळला आणि म्हटलं, "नापास. उद्या पुन्हा." ते म्हणाले, "आणि जोरात लागलं असतं तर?" "तर वर्षाचं खरं झालं असतं. उठा, चहाची वेळ झाली." नडगीवर निळा डाग बरेच दिवस होता. मी वर्षाला तो सांगितला नाही. पण त्या सकाळनंतर मी त्यांचा हात ॲक्सिलरेटरवर विसरलेला एकदाही बघितला नाही. गप्पा मारल्या, मध्येच ओरडले, समोरून कुत्रं हाकललं. थांबले की हात मांडीवर. हळूहळू ते रागावले असतानाही हात मांडीवर जाऊ लागला, तेव्हा मी किल्ली दिली. वर्षाला फोन करून सांगितलं, "किल्ली मी दिली आहे. काही झालं तर बाबांना बोलायचं नाही, मला विचारायचं."  ती म्हणाली, "तुम बहुत जिद्दी हो, काकू," आणि फोन ठेवला.

पहिल्यांदा एकटे बरगीला गेले त्या दिवशी माझ्या हातून एक काम धड झालं नाही. भाजी खाली लागली. फाटक आठवत होतं. आता थांबले असतील, आता शिट्टी झाली असेल, हात कुठे असेल... फोन करायचा नाही असं मीच ठरवलं होतं, कारण फोन वाजला तर ते चालवता चालवता काढतील. शेवटी जेवणाची वेळ टळून गेल्यावर आले, हातात मासळीची पिशवी. मी विचारलं, "कशी गेली?" म्हणाले, "मागून कोणी ओरडलं नाही. करमलं नाही." मी म्हटलं, "उद्यापासून रेडिओ लावा." ते त्या दिवशी तीन पोळ्या जास्त जेवले. पुढे जवळजवळ दर रविवारी जात. मी काही तेव्हापासून निर्धास्त झाले नाही. शिकवलेलं दहा वेळा पाळणारा माणूस अकराव्या वेळी विसरतो, हे मला त्यांनीच सांगितलेलं. पण तसं घडलं नाही. घडलं ते न्हाव्याच्या खुर्चीत. त्या सकाळी ते मला सांगून निघाले नव्हते, आणि गाडी पुढच्या अंगणात, मी मागच्या. म्हणून मला विचारावं लागलं.

नवी गाडी वर्षा इंदूरला घेऊन गेली. तिला ती आवडते, म्हणते फार सोपी आहे. जाताना मी तिला अंगणात थांबवलं आणि उजवा हात मांडीवर ठेवायला लावला. "काकू, मला येतं." "येत असेल. ठेव." तिनं ठेवला.

एक गोष्ट राहिली. भाऊजींचा हात चांगला होता तेव्हा जुनी गाडी कोपऱ्यावर आली की मला घरातून कळत असे. गिअर खाली पडताना ती आवाज करायची, तो ऐकून मी चहाचं आधण ठेवलं तर कप भरेपर्यंत ते दारात. नवी गाडी कधी आली ते दारात उभी राहीपर्यंत कळत नसे. कानांचा काही उपयोग नव्हता. म्हणून त्या पहिल्या रविवारपासून मी वेताची खुर्ची व्हरांड्यात काढली, गल्लीकडे तोंड करून, आणि ते येईपर्यंत तिथेच बसू लागले. निवडायचं, सोलायचं जे काही असेल ते तिथेच. आता गाडीही नाही. वर्षानं मागच्या वेळी खुर्ची आत नेऊन ठेवली. ती गेल्यावर मी पुन्हा बाहेर आणली. परवा रविवारी ती आली तर मी तिथेच बसलेली.

"काकू, दुपारची इथे काहून बसून राहिली?"

"हवा येते."

 आत पंखा आहे, तिनंच बसवून दिलेला.